ढालीत रुतलेला भाला

इ.स.पू. ५८ चा उन्हाळा. आजच्या फ्रान्समधील बिब्राक्ट या गॉल नगराजवळच्या एका टेकडीच्या उतारावर ज्युलियस सीझरने आपल्या चार कसलेल्या लीजन तीन फळ्यांत उभ्या केल्या होत्या. समोरून हेल्वेती वर चढत होते. आजच्या स्वित्झर्लंडमधली घरेदारे जाळून, बायकापोरे गाड्यांत घालून नव्या भूमीच्या शोधात निघालेली ही जमात. पुढच्या रांगेतल्या ढाली त्यांनी एकीवर एक अशा चढवल्या होत्या की मध्ये फट राहू नये. रोमन घोडदळाला त्यांनी नुकतेच मागे रेटले होते, त्यामुळे अंगात जोर होता. सीझरने आपला घोडा मागे पाठवला, इतर अधिकाऱ्यांचेही घोडे पाठवून दिले. कोणाला पळता येईल अशी सोय त्याला ठेवायची नव्हती.

मग रोमनांनी भाले फेकले.

पुढे घडले ते सीझरने स्वतः लिहून ठेवले आहे. एकेक भाला दोन-दोन ढाली एकदम भेदून गेला आणि त्यांना एकत्र खिळून बसला. त्याचे लोखंड वाकले. आता तो उपसून काढता येईना आणि डाव्या हाताला ते ओझे लटकत असताना धड लढताही येईना. कित्येकांनी हात झटकून पाहिले, पुन्हा पुन्हा झटकले, शेवटी ढाल टाकून दिली आणि उघड्या अंगाने लढायला उभे राहिले. त्यांच्यावर रोमन तलवारी उपसून धावले. लढाई संध्याकाळपर्यंत, आणि गाड्यांच्या तळावर तर रात्री उशिरापर्यंत चालली. पण उतारावरची ती भिंत फुटली ती भाल्यांनी. हेल्वेती शूर होते, हे सीझरही मान्य करतो. दिवसभरात पाठ दाखवणारा शत्रू कोणाला दिसला नाही, असे तो म्हणतो.

रोमन सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आखूड, रुंद पात्याची तलवार येते. चित्रपटांनी आणि पाठ्यपुस्तकांनी तिला पुरेसे श्रेय दिले आहे. माझे मत असे की त्या तलवारीच्या निम्म्या विजयांवर हक्क या फेकायच्या भाल्याचा आहे. रोमन त्याला पिलम म्हणत. शत्रूला ठार करणे हे त्याचे एकच काम नव्हते. पुढच्या काही क्षणांत तलवारीला जिथे शिरायचे आहे, ती जागा आधी मोकळी करणे हे त्याचे खरे काम होते.

त्याची घडण पाहिली की हे पटते. सगळी लांबी साधारण दोन मीटर. खाली लाकडी दांडा, आणि त्यात बसवलेली बोटापेक्षाही बारीक अशी लोखंडी कांब, हातभर ते दोन हात लांब. कांबेच्या टोकाला चौकोनी मनोऱ्यासारखे लहानसे टोकदार अग्र. साध्या भाल्याचे रुंद पाते ढालीत घुसते आणि तिथेच अडकते, कारण पात्यामागचा दांडा जाड असतो. पिलमचे अग्र मात्र मागच्या कांबेपेक्षा जाड. ढालीला भोक पडते ते अग्राच्या मापाचे, त्यातून बारीक कांब सरसर आत जाते आणि ढालीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीपर्यंत पोहोचते. त्यामागे जड दांड्याचा सगळा रेटा असतो. आजच्या भालाफेकीतला पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा असतो. पिलम त्याच्या दुपटीच्या आसपास जड होता. त्यामुळे तो लांब जात नसे. फार तर पंचवीस-तीस मीटर, आणि नेमका परिणाम हवा असेल तर त्याहून कमी. शत्रूच्या चेहऱ्यावरचे भाव दिसू लागेपर्यंत हातातला भाला धरून थांबायचे, हे धैर्याचे काम होते. त्यासाठी सराव लागे. खऱ्या भाल्यापेक्षा जड लाकडी भाले देऊन रंगरुटांना जमिनीत पुरलेल्या खांबावर नेम धरायला लावत, असे व्हेजेटियस हा उत्तरकालीन रोमन लेखक नोंदवतो.

पिलमचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराचे आहे. तो इ.स.पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून रोमला आला आणि रोमन सैन्याला त्याने जवळून पाहिले. पुढच्या दोन फळ्यांतल्या प्रत्येक सैनिकाकडे दोन पिलम असत, एक जड आणि एक हलका, असे तो सांगतो. कांब दांड्याच्या मध्यापर्यंत आत शिरवून इतक्या खिळ्यांनी पक्की केलेली असे की जोड सुटण्याआधी लोखंड मोडावे. इथे एक घोटाळा नेहमी होतो. ‘पहिल्याच आघाताला वाकणारा आणि म्हणून शत्रूला उलट फेकता न येणारा भाला’ हे पॉलिबियसचे वर्णन पिलमचे नाहीच. ते आहे व्हेलाइटांच्या हलक्या बरचीचे. व्हेलाइट म्हणजे सैन्याच्या पुढे पळत जाऊन मारा करणारे तरुण आणि गरीब शिपाई. चिलखत घेण्याची त्यांची ऐपत नसे. त्यांच्या बरचीचा दांडा दोन हात लांब, बोटभर जाड, आणि वीतभर अग्र ठोकून इतके पातळ केलेले की ते आपटताच मुरडे.

याच बरच्यांनी इ.स.पू. २२५ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर तेलामोनजवळ मोठी कामगिरी केली. आल्प्सपलीकडून आलेले गायसाती योद्धे तिथे अंगावर वस्त्रही न ठेवता पहिल्या फळीत उभे होते. धिप्पाड देह, गळ्यात आणि दंडात सोन्याची कडी. त्या दृश्याने रोमन घाबरले, आणि सोने पाहून त्यांना हावही सुटली, हे पॉलिबियस लपवत नाही. पण बरच्यांचा पाऊस सुरू झाला आणि गॉलांच्या अरुंद ढाली पुऱ्या पडेनात. जितका माणूस मोठा तितका तो उघडा. दुरून मारणाऱ्याला हात लावता येत नाही या संतापाने काही जण बेभान होऊन रोमनांवर धावले आणि मेले. काही मागे हटले ते आपल्याच लोकांच्या रांगा विस्कटत.

दोन वर्षांनी, इ.स.पू. २२३ मध्ये, उत्तर इटलीत इन्सुब्री गॉलांशी लढताना अधिकाऱ्यांनी आणखी एक डोके चालवले. गॉलांची लांब तलवार पहिल्या एक-दोन घावांनंतर वाकते, मग ती पायाखाली दाबून सरळ करावी लागते, असे त्यांच्या लक्षात आले होते. तेव्हा त्यांनी सर्वांत मागच्या फळीतल्या त्रियारींचे लांब भाले काढून पुढच्या फळीच्या हाती दिले. गॉलांचे पहिले जोरकस घाव त्या भाल्यांवर पडून वाया गेले, तलवारी वाकल्या, आणि मग रोमनांनी भाले टाकून तलवारीने भोसकायला सुरुवात केली. त्या दिवशी सेनापती फ्लामिनियसने नदीला पाठ लावून सैन्य उभे केले होते, मागे हटायला पाऊलभर जागा नव्हती. पॉलिबियस विजयाचे श्रेय त्याला देत नाही, हाताखालच्या अधिकाऱ्यांना देतो. त्याचा हा निवाडा मला योग्य वाटतो.

त्रियारींचा हा लांब भाला म्हणजे हास्ता. हातात धरून भोसकायचा, रोमचा मूळचा भाला. इ.स.पू. पहिल्या शतकात लीजनमधल्या सगळ्याच शिपायांच्या हाती पिलम आला, व्हेलाइट दिसेनासे झाले, आणि हास्ता मदतनीस पलटणींकडे गेला. रोमच्या सार्वजनिक जीवनातून मात्र तो गेला नाही. लुटीचा आणि जप्तीचा माल लिलावात निघे तेव्हा जमिनीत हास्ता रोवलेला असे. नवरीचे केस भाल्याच्या टोकाने विंचरून भांग पाडत. मंगळ देवाचे भाले रोममधल्या रेजिया या पवित्र वास्तूत ठेवलेले असत. ते आपोआप हलले तर अपशकुन मानून शांती करीत. आणि युद्ध पुकारायचे ते भाला फेकून. फेतियाल नावाचे पुरोहित शत्रूच्या हद्दीवर जाऊन, साक्षीदारांसमोर शब्द उच्चारून, लोखंडी अग्राचा किंवा आगीत टोक कडक केलेला भाला पलीकडे फेकत. राज्य वाढले, हद्दी समुद्रापार गेल्या, तेव्हा त्यांनी रोममध्येच युद्धदेवता बेलोनाच्या देवळासमोरची थोडी जमीन ‘शत्रूची भूमी’ ठरवली आणि तिथे भाला फेकू लागले. इ.स.पू. ३२ मध्ये ऑक्टेव्हियनने क्लिओपात्राविरुद्ध हा विधी स्वतः केला. खरा शत्रू अँटनी, म्हणजे रोमन नागरिक. पण भाला पडला तो परक्या राणीच्या नावाने. यादवी युद्धाला परचक्राचे रूप देण्यासाठी एका भाल्याचा इतका थंडपणे केलेला वापर मला तरी दुसरा ठाऊक नाही.

पुन्हा पिलमकडे. तो रोमनांना मिळाला कोठून, यावर विद्वानांचे एकमत नाही. एत्रुस्कनांच्या व्हुल्ची येथील थडग्यात लांब कांबेचा भाला मिळाला आहे. सॅम्नाइटांचे नाव घेतले जाते. स्पेनमध्ये आपल्याकडच्या सांगेसारखा, सगळाच लोखंडाचा फेकभाला होता, शिवाय इ.स.पू. २१९ मध्ये हॅनिबलने सागुंतमला वेढा घातला तेव्हा तिथल्या लोकांनी तीन फूट लोखंडाचा, राळ आणि काथ्या गुंडाळून पेटवलेला फालारिका वापरला. त्याचे लोखंड पिलमसारखेच चौकोनी होते, असे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो. माझ्या मते कोणाकडून घेतला यापेक्षा घेतल्यावर त्याचे काय केले हे महत्त्वाचे. रोमन पिढ्यान्‌पिढ्या त्यावर हात फिरवत राहिले.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध सुधारणा रोमन सेनापती गायस मारियसच्या नावावर आहे. इ.स.पू. १०२ मध्ये त्याने आक्वे सेक्स्तिये येथे ट्यूटनांना उतारावर अडवले होते. त्याची आज्ञा साधी होती: टप्प्यात येऊ द्या, भाले फेका, तलवारी उपसा, ढालींनी खाली लोटा. पुढच्या वर्षी उत्तर इटलीत व्हर्सेले येथे किंब्रींशी गाठ पडणार होती. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की मारियसने या लढाईसाठी पिलमचा जोड बदलला. कांब आणि दांडा जोडणाऱ्या दोन लोखंडी खिळ्यांपैकी एक काढून तिथे सहज मोडणारी लाकडी खुंटी बसवली. भाला ढालीत घुसला की खुंटी मोडायची, दांडा जोडापाशी लुळा पडायचा आणि शत्रूच्या ढालीला लोंबकळत जमिनीवर फरफटायचा.

कल्पना सुरेख आहे. पण प्लुटार्कने हे लिहिले ते दोनशे वर्षांनी, आणि जर्मनीतल्या लिप नदीकाठच्या ओबेराडेन छावणीतून जे पिलम लाकडासकट हाती लागले, त्यांचे जोड पक्क्या लोखंडी खिळ्यांचे आहेत. ही छावणी इ.स.पू. ११ च्या सुमारास वसली, म्हणजे मारियसनंतर नव्वद वर्षांनी. खुंटीची युक्ती वापरली गेली असेल, पण टिकली नाही, हे उघड आहे. कारणही समजण्यासारखे आहे. आपटल्यावर मोडणारा जोड छावणीतल्या रोजच्या धबडग्यातही मोडतो, आणि पिलम तर वेळ पडल्यास हातात धरून भोसकायलाही वापरावा लागे. वाकण्याबद्दलही थोडे सबुरीने घ्यायला हवे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने सीझरच्या वेढ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या अलेसियात उत्खनन करवले आणि तिथे सापडलेल्या शस्त्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यानंतर अनेकांनी पिलम घडवून फेकून पाहिले. लोखंड दर वेळी वाकतेच असे नाही. भेदून आत जाणे हे मात्र ते नेहमी करते. बिब्राक्टच्या उतारावर ढाली निकामी झाल्या त्या मुख्यतः भाला आरपार जाऊन अडकल्यामुळे. वाकणे ही वरची भर होती.

बिब्राक्टनंतर त्याच वर्षी, अवघ्या काही महिन्यांत, सीझरच्या सैन्याने पिलम न वापरताही लढाई जिंकली. अरियोव्हिस्तसचे जर्मन इतक्या वेगाने अंगावर आले की भाले फेकायला अंतरच उरले नाही. शिपायांनी ते खाली टाकले आणि सरळ तलवारींना हात घातला. शस्त्रावर प्रेम करणारे सैन्य असे करत नाही. काम ओळखणारे करते.

इ.स.पू. ४८ मध्ये फार्सालसला रोमन रोमनांसमोर उभे राहिले, दोन्ही बाजूंना पिलम. सीझरच्या हिशेबाने त्याच्याकडे २२,००० आणि प्रतिस्पर्धी पाँपीकडे ४५,००० माणसे होती. पाँपीने आपल्या लोकांना जागचे हलू नका असे बजावले. सीझरची माणसे दुप्पट अंतर धावून दमतील, त्यांच्या भाल्यांचा जोरही कमी पडेल, असा त्याचा होरा. पण सीझरचे शिपाई अर्ध्या वाटेवर, कोणी हुकूम न देता, आपण होऊन थांबले. दम घेतला, रांगा नीट केल्या, पुन्हा धावले, भाले फेकले, तलवारी उपसल्या. आठ-आठ, दहा-दहा वर्षे एकत्र लढलेल्या माणसांचे हे शहाणपण होते, आणि पाँपीची चूक दाखवताना सीझरच्या लिखाणातही अभिमान डोकावतो. पाँपीच्या सात हजार घोडेस्वारांसाठी त्याने सहा कोहोर्ट (लीजनच्या तुकड्या) वेगळे लपवून ठेवले होते. प्लुटार्कच्या सांगण्याप्रमाणे त्यांना हुकूम होता की पिलम फेकू नका, हातातच धरा आणि स्वारांच्या तोंडावर रोखा. ही पोरे देखणी आहेत, चेहऱ्याला जपतील. हुकुमामागचे कारण खरे असो वा रचलेले, घोडदळ उधळले हे खरे.

पण या भाल्याला एक मर्यादा होती आणि ती अंतराची होती. फार्सालसच्या पाच वर्षे आधी, इ.स.पू. ५३ मध्ये, रोमन सेनापती क्रासस सात लीजन घेऊन मेसोपोटेमियात कार्‍हे येथे पार्थियन सेनापती सुरेनासमोर उभा राहिला होता. पार्थियन धनुर्धर घोड्यावरून बाण सोडत आणि तीस मीटरच्या आत कधी येतच नसत. रोमनांनी आशा धरली की बाण संपतील. सुरेनाने बाणांचे भारे लादलेले उंट मागे तयार ठेवले होते. प्लुटार्कच्या आकड्यांप्रमाणे २०,००० रोमन मेले, १०,००० कैद झाले. अनेकांच्या हातातले पिलम फेकलेच गेले नसतील.

इ.स. २१ मध्ये तर बिब्राक्टच्याच मुलखात पिलम हरला. त्या डोंगरावरच्या नगराची वस्ती ऑगस्टसच्या काळात खाली ऑगस्टोडुनम या नव्या शहरात हलली होती. तिथे गॉल सरदार साक्रोव्हिरने बंड केले आणि आपल्या फौजेत क्रुपेलारी नावाचे, नखशिखांत लोखंडाने मढवलेले ग्लॅडिएटर उभे केले. भाले आणि तलवारी त्यांच्यावरून घसरू लागल्या. रोमन शिपायांनी तळ खणायच्या कुदळी आणि कुऱ्हाडी हाती घेतल्या आणि भिंत पाडावी तसे त्यांना पाडले. काहींना दांडे-काठ्यांनी ढकलून उताणे केले. पडल्यावर त्यांना उठता येत नव्हते. रोमन इतिहासकार टॅसिटसने हा प्रसंग थोडक्यात सांगितला आहे.

साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात पिलम टिकून राहिला. काही शिल्पांत त्याच्या जोडापाशी गोल वजन दिसते, म्हणजे भेदण्याची ताकद वाढवण्याचे प्रयत्न चालूच होते. विस्बाडेनला मिळालेल्या स्मृतिशिलेवर आठव्या लीजनचा गायस व्हॅलेरियस क्रिस्पस उजव्या हातात पिलम आणि डाव्या हातात ढाल घेऊन उभा आहे. वय ४०, नोकरी २१ वर्षे. मरणानंतर लोकांनी आपल्याला कसे ओळखावे असे शिपायांना वाटत होते, ते त्या शिळेवरून कळते.

शत्रू बदलत गेला तसा भाल्याचा वापर बदलला. इ.स. १३५ च्या सुमारास कॅपाडोसियाचा सुभेदार एरियन याने घोडेस्वार ॲलानांविरुद्ध व्यूहरचनेचा लेखी आराखडा केला. लीजन आठ रांगांत दाटीने उभ्या. पहिल्या रांगेने लांब कांबेचे भाले घोड्यांच्या छातीवर रोखून धरायचे, तिच्यामागच्यांनी फेकायचे, आणखी मागच्यांनी हलक्या बरच्या डोक्यांवरून सोडायच्या. धावत जाऊन ढाल भेदणारे शस्त्र आता जागच्या जागी कुंपण झाले. ॲलानांनी लढाई न देताच माघार घेतली. काही अंशी एरियनच्या धाकाने, काही अंशी मिळालेल्या भेटींमुळे, असे इतिहासकार डिओ सांगतो.

तिसऱ्या शतकापासून हलक्या भाल्यांचे दिवस आले. ढालीच्या आतल्या बाजूला पाच-पाच अडकवून ठेवता येणारे, शिशाचे वजन लावलेले छोटे प्लुम्बाता वापरात आले. ते पिलमपेक्षा दूर जात. त्यांत तरबेज झालेल्या इलिरियाच्या दोन लीजनना डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन या सम्राटांनी आपापल्या दैवतांची नावे दिली. चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर थोड्याच काळात व्हेजेटियस लिहीत होता, तेव्हा ढालीत रुतून बसणाऱ्या जुन्या जड भाल्याबद्दल त्याने नोंदवले की आपल्याकडे आता तो क्वचितच दिसतो. परके पायदळ मात्र एकेक माणूस दोन-तीन बाळगतो.

त्या परक्यांनी त्याचे काय केले हे इतिहासकार आगाथियासने सहाव्या शतकात लिहिले. फ्रँकांच्या या भाल्याचे नाव अँगॉन. जवळपास सगळा लोखंडाने मढवलेला, अग्राला मागे वळलेले आकडे. तो ढालीत बसला की आकड्यांमुळे उपसता येत नाही आणि लोखंडामुळे तलवारीने तोडता येत नाही. दांडा जमिनीवर लोळू लागतो. फ्रँक उडी मारून त्यावर पाय देतो, ढाल खाली झुकते, समोरच्याचे डोके आणि छाती उघडी पडते आणि कुऱ्हाड कपाळावर उतरते. बिब्राक्टच्या उतारावर रोमनांनी हेल्वेतींच्या ढालींचे जे केले, तेच आता रोमन ढालींचे होत होते.

इ.स. ५५४ मध्ये काप्वाजवळ कासिलिनमला बुतिलिनसचे फ्रँक हे भाले घेऊन पूर्व रोमन सेनापती नार्सेसच्या पायदळावर पाचरीसारखे घुसले आणि मधली फळी त्यांनी फोडलीही. नार्सेसने दोन्ही बगलांवरचे घोडेस्वार धनुर्धर आत वळवले. त्यांनी अँगॉनच्या टप्प्याबाहेर राहून फ्रँकांच्या उघड्या पाठींवर बाण सोडले. बुतिलिनस मारला गेला आणि त्याची फौज तिथेच संपली. कार्‍हेला क्राससविरुद्ध जे वापरले गेले, ते शस्त्र तोवर रोमनांचे झाले होते.